टोळीची आरोळी

आमच्या खेळात मारायचं कोणाला, हे मी ठरवते. मी बाइंडर आहे. आठवडाभर जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चढवते आणि रविवारी दुपारी दुकानातलं मोठं टेबल पुसून त्यावर नकाशा मांडते. मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्यात शिरायचं, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. खेळाडू तीन. माझा धाकटा भाऊ, औषधांच्या दुकानात काम करतो म्हणून ज्याला सगळे गोळी म्हणतात तो त्याचा मित्र, आणि तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली माझी भावजय.

भावजय दूरच्या डोंगराळ मुलखातली. तिची भाषा वेगळी. आमची ती छान बोलते, पण घरात चकार शब्द काढायची नाही. विचारलं तर ‘हो ताई’, ‘नको ताई’, संपलं. ही अशीच मुकी राहिली तर एक दिवस बॅग भरून निघून जाईल आणि धाकटा बसेल कपाळाला हात लावून, या विचाराने मला धसका बसला होता. म्हणून मीच तिला ओढून खेळायला बसवलं. चार रविवारांत ती गुप्तहेर झाली, फासा टाकताना ओठ चावायला लागली, एकदा तर गोळीवर चक्क ओरडली. मला कोण आनंद झाला!

आणि पाचव्या रविवारी मी माती खाल्ली.

त्या दिवशी रानटी टोळी येणार होती. मी जय्यत तयारी केली होती. कातड्याचे तंबू, कुऱ्हाडी, तोंडाला फासलेली राख. वहीत लिहिलं होतं, ‘दयामाया नाही, दिसेल ते गाव जाळतात.’ आरोळीसुद्धा ठरवून ठेवली होती. मी स्टुलावर चढले, पुठ्ठा आखायची लोखंडी पट्टी उगारली आणि जीव खाऊन ओरडले, “टुरांबोऽऽऽ!”

भावजयीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले. धाकटा घाबरून उठला, आणि मी पट्टी घेऊन तशीच स्टुलावर.

ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

“ताई,” ती कशीबशी म्हणाली, “टुरांबो म्हणजे कान झाक. वारा सुटलाय, कान झाक. आई रोज फोन ठेवताना म्हणते.”

“म्हणजे हे कुऱ्हाडी घेऊन धावत येतायत,” गोळी म्हणाला, “आणि ओरडतायत काय, तर कानटोपी घाला!”

हसणं ओसरलं तशी मी खाली उतरले. भावजय नकाशावरच्या तंबूंकडे बघत होती.

“मग ही टोळी आमचीच झाली,” ती म्हणाली. “तंबू आमच्याकडेही असतात. राख पण लावतात, थंडीत गाल फुटू नयेत म्हणून. पण हे गावं का जाळतात?”

“अगं, रानटी आहेत म्हणून.” तोंडातून गेलंच माझ्या.

“शाळेत मला रानटी म्हणायचे. मी आमच्या भाषेत रडायचे ना, म्हणून.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पण वहिनी, खेळात कोणीतरी वाईट लागतंच,” गोळी म्हणाला. “नाहीतर मारायचं कोणाला? ही काय खरी माणसं आहेत?”

“लागतं ना! एक नालायक माणूस द्या, मी स्वतः मारते. हवं तर माझ्या काकावरून बनवा, भरपूर मालमसाला मिळेल. पण अख्खी टोळीच्या टोळी जन्मतःच नालायक? त्यांच्यात कोणी आळशी नाही? कोणी भित्रं नाही? भांडी कोण घासतं त्यांच्याकडे?”

वाद घालण्यात मी कोणाला हार जात नाही. पण भांडी कोण घासतं, हे ऐकल्यावर मी वही पुढे ओढली. ‘दयामाया नाही’ वर मी रेघ मारली.

राहिली आरोळी. ती मलाच सुचली, असं मी दोन दिवस मिरवत होते.

“मी ती तुझ्याकडूनच उचलली,” मी म्हणाले. “मुद्दाम नाही गं. तू दुकानाच्या मागच्या दारात फोनवर बोलतेस तेव्हा मी इथे पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत असते. ते कानात राहिलं असणार. चुकलं माझं.”

मला वाटलं, आता ही उठणार, चपला घालणार आणि पुन्हा या टेबलाशी यायची नाही.

“तुम्ही ऐकत होता?” तिने विचारलं.

“म्हणजे... ऐकू येतंच ना.”

“मला वाटायचं, आमची भाषा इथे कोणाच्या कानावरच पडत नाही. तीन महिन्यांत एकाने विचारलं नाही, याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय. ह्यांनीसुद्धा नाही.” धाकटा फाशाच्या बाजू मोजायला लागला. “आणि तुम्ही तर थेट स्टुलावर चढून ओरडलात!”

तिला पुन्हा हसू फुटलं. उठली नाही. उलट खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली, आणि मी इतका मोठा श्वास सोडला की नकाशाची कड उडाली.

“पण चुकीचं ओरडलात. शेवट ओढायचा नाही. आईला घाई असते. टुरांबो.”

“टुरांबोऽ.”

“चूक. परत म्हण.”

‘म्हण’ म्हणाली, ‘म्हणा’ नाही. मी परत म्हणाले.