तिश्रीनची दहा तारीख

नझीराने स्टुलावर चढून काठीचा आकडा भिंतीपलीकडे टाकला आणि शेजारच्या अंगणात झुकलेल्या फांदीवरचं शेवटचं डाळिंब ओढून घेतलं. झाड तिचं, पण ती एक फांदी गेली सतरा वर्षं तौफीकच्या बाजूला फळत होती, आणि तिची फळं त्याची हे कोणी न ठरवता ठरलेलं होतं. यंदा तिने अकराच्या अकरा काढली.

"अगं, एखादं तरी ठेव," खाली टोपली धरून उभी असलेली तिची नणंद हुदा म्हणाली. "बिचारा एकटा माणूस."

"एकटा आहे तर एकटाच राहू दे."

हुदाने पुढे विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. नझीराचं बिनसलं की अख्ख्या आळीला कळे.

झालं होतं असं. उन्हाळा उतरत असताना तौफीकने भिंतीवर कोपरं टेकून, नझीराला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारत म्हटलं होतं, "उम्म बशीर, शहरातले पाहुणे गेले की नदीकाठ पुन्हा आपला होतो. तिश्रीनच्या दहा तारखेला चला माझ्या गाडीतून. चिनारांखाली बसून मासे खाऊ." नवरा गेल्यापासून तिला कोणी 'चला' म्हणायचं ते डॉक्टरकडे, नाहीतर मयताला. दहा ऑक्टोबरला, म्हणजे तिश्रीनच्या दहा तारखेला, ती सकाळी नऊपासून निळा कोट घालून, बूट पुसून, वाटेत खायला फुटाण्यांची पुडी खिशात टाकून ओट्यावर बसली. तौफीक फाटक्या सदऱ्यात, खांद्यावर शिडी घेऊन ऑलिव्ह उतरवायला निघून गेला. शिवाय जाताना हात हलवून गेला! बारा वाजता तिने कोट काढून खुंटीला लावला आणि आत जाऊन कांदे चिरले, म्हणजे डोळ्यांना कारण मिळावं.

तेव्हापासून तिचं युद्ध सुरू होतं. सकाळी भिंतीपलीकडून तो ओरडे, "सकाळ चांगली जावो, शेजारीणबाई!" पूर्वी ती उत्तर देई, "मोगऱ्याची जावो!" आता नुसतं "हं" म्हणून नळ सोडी. चौथ्या दिवशी भिंतीवर सेजच्या पानांची जुडी ठेवलेली दिसली. "घशासाठी," तो पलीकडून म्हणाला. "आवाज बसलाय तुमचा." नझीराचा असा संताप झाला की तिने ती जुडी फेकून देण्याऐवजी उकळून तीन दिवस प्यायली. चांगल्या वस्तूवर राग काढायचा तिचा स्वभाव नव्हता.

तिने कॉफीचा कप पाठवणं बंद केलं. मग डाळिंबं काढली. उकळून उकळून त्यांचा काळा, आंबट पाक केला, तीन बाटल्या भरल्या आणि हुदाला बजावलं, "यातला एक थेंब त्या घरी जाणार नाही."

मग पहिला पाऊस झाला. गावातली झाडावर राहिलेली डाळिंबं फुटून लाल तोंडं करून लोंबू लागली. आठवड्याने ढग गेले, ऊन परत आलं आणि माणसांनी काढून ठेवलेल्या खुर्च्या पुन्हा ओट्यावर मांडल्या. दोन तिश्रीनांच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, मधे दुसरा उन्हाळा, असं म्हणतात ते काही खोटं नाही.

अशाच एका सकाळी नझीरा तुपाच्या रिकाम्या डब्यांत लसूण लावत होती. कोपरापर्यंत माती, डोक्याला जुना रुमाल. फाटकापाशी हॉर्न वाजला. तौफीक धुतलेल्या गाडीतून उतरला. दाढी गुळगुळीत, सदऱ्याला इस्त्री, आणि मिशीला चक्क काळा रंग.

"अजून मातीतच? चला की!"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? नदीवर. आज तिश्रीनची दहा तारीख ना!"

नझीरा उठून उभी राहिली. "तिश्रीनची दहा तारीख होऊन महिना झाला, अबू सामी."

"तो पहिला तिश्रीन," तो हसला. "ऑक्टोबरात झाडावर ऑलिव्ह असताना कोणी शहाणा माणूस मासे खायला जातो का? आम्हा ऑलिव्हवाल्यांच्या तोंडी तिश्रीन म्हणजे दुसराच. नोव्हेंबर."

नझीराच्या अंगणात ऑलिव्हचं झाड नव्हतं. तिने हातातली लसणाची पाकळी उलटी खोचली, मग काढून सुलटी खोचली.

"आणि डाळिंबं वेळेवर काढलीत हे फार बरं केलंत," तो म्हणत होता. "माझ्या फांदीचीसुद्धा! मी शिडीवरून उतरेपर्यंत सगळी फुटली असती. हुदा म्हणत होती, पाक केलाय."

"केलाय." आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "एक बाटली तुमची आहे."

"घसा बरा आहे ना आता?"

"बरा आहे," ती म्हणाली. "पाच मिनिटं थांबा. हात धुते."

नदीकाठी खरोखरच कोणी नव्हतं. चिनारांची पिवळी पानं टेबलावर पडत होती आणि तौफीक दर वेळी ती हाताने सारून "पुन्हा आली बघा" म्हणत होता. मिशीचा रंग घामाने थोडा खाली उतरला होता. नझीराला हसू आवरेना. त्याला पुसायला देऊ म्हणून तिने रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला. हाताला पुडी लागली. ती तिने टेबलावर ठेवली आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं.

तौफीकने दोन फुटाणे तोंडात टाकले होते.

"सादळलेत हो हे."

"महिन्याचे आहेत," नझीरा म्हणाली आणि नदीकडे पाहू लागली.

तौफीक चावायचा थांबला. त्याने तिच्या निळ्या कोटाकडे पाहिलं, पुसलेल्या बुटांकडे पाहिलं. शिडी खांद्यावर घेऊन आपण हात कुणाला हलवला होता, ते त्याला आठवलं असावं. एक पान टेबलावर पडलं, ते त्याने सारलंही नाही.

मग त्याने तळहात पुढे केला.

"आणा इकडे," तो म्हणाला. "सगळे."