कपाटातला भोंगा

मी एक जुनं कपाट आहे, मित्रांनो. शाळेत तुम्हाला 'ते कपाट' असं शिकवलं असेल. ठीक आहे. पण ज्याच्या पोटात एक अख्खा गायक मावला, त्याने स्वतःला जरा रुबाबात 'तो' म्हटलं, तर बाईंनी मार्क कापू नयेत.

मला घडवणारा सुतार चांगलाच उंच होता आणि त्याने माप घेतलं ते स्वतःच्या अंगाचं. मी ज्या इस्त्रीवालीच्या घरी आलो, ती होती बुटकी. माझा वरचा कप्पा गाठायला तिला स्टुलावर चढावं लागे. चढताना ती मला ताडमाड म्हणायची आणि उतरताना पदराने पुसायची. लोकांचे कपडे ती इस्त्री करायची, मी सांभाळायचो. शेजारीण म्हणे, या कपाटातला सदरा घातला की माणूस खोटं बोलतानाही नीटनेटका दिसतो. अशी स्तुती ऐकली की माझ्या फळ्या फुगायच्या.

तिचा मुलगा तान्हेपणी असा रडे, की गल्लीतली दुकानं वेळेआधी बंद व्हायची. म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. भोंगा मोठा झाला, पार्सलची गाडी चालवू लागला, आणि मग हळूहळू त्याचा आवाजच बसत गेला. त्याला हसू येईना, भूक लागेना. तो दारू प्यायला लागला. नोकरी गेली. आई विचारायची, कसा आहेस रे? तो म्हणायचा, मजेत. मजेत असलेला माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाटली तो माझ्यातल्या गरम कोटाच्या बाहीत लपवायचा. डांबरगोळ्यांच्या वासात दारूचा वास मिसळला. कपडे खाणाऱ्या किड्यांना कळेना, पळायचं की झुलायचं.

कोट उन्हात टाकायला काढला आणि आईच्या हाती बाटली लागली. ती रागावली नाही. कोट खुंटीला लावला, लेकाला बखोटीला धरलं आणि नशामुक्ती केंद्रात नेऊन बसवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की दारू आणि उदासी हे दोन आजार आहेत आणि दोघांनी एकमेकांचा हात धरलाय. औषधही लागेल आणि बोलावंही लागेल. औषध भोंगा घेऊ लागला. पिणं थांबलं. बोलणं मात्र तेवढंच, मजेत.

त्याचा मित्र न्हावी होता. कात्रीची कचकच, पाण्याच्या फवाऱ्याची फुसफुस आणि खुर्चीची करकर फोनवर घेऊन तो त्यांचा ताल बनवायचा. तो म्हणाला, तुला बोलता येत नाही ना, मग तालात बोल, रॅप कर. खोलीत आवाज घुमत होता, म्हणून त्याने भोंग्याला माइकसकट माझ्यात घातलं आणि दार लावलं. कोटांमध्ये आवाज छान मऊ येतो म्हणे. आत भोंगा घामाने निथळत होता आणि त्याच्या कानाला हँगर अडकला होता.

पहिलं गाणं होतं सोन्याच्या साखळीचं आणि मोठ्या गाडीचं. न्हाव्याने दार किलकिलं करून विचारलं, "गाडी कुठं लावलीस? खालच्या कप्प्यात?"

इकडे आईने गल्लीत सांगितलं, मुलगा रॅपिंग शिकतोय. दुसऱ्या दिवशी शेजारीण मिक्सर घेऊन हजर. भाचीला भेट द्यायचाय, जरा छान कागदात गुंडाळून दे म्हणाली. भोंग्याने गुंडाळूनही दिला. फीत बांधताना कितीतरी दिवसांनी तो खुदकन हसला, आणि त्यानंतर माझ्यात शिरून त्याने पहिल्यांदा खरं काहीतरी म्हटलं.

ते न्हाव्याने डॉक्टरीणबाईंना फोनवर ऐकवलं. केंद्राच्या मेळाव्यात, सगळ्यांच्या घरच्यांसमोर हेच म्हण, असं त्या म्हणाल्या. भोंगा न्हाव्याला म्हणाला, आईसमोर उभं राहायचं तर आधी एक घोट लागेल. घोट नको, तर मग कपाट लागेल. आहे का तिथं कपाट?

नकार द्यायचा हा त्याचा सभ्य मार्ग होता. पण न्हाव्याने हातगाडी आणली.

मित्रांनो, मी भर रस्त्याने, भर दुपारी, पोटात कोट घेऊन मेळाव्याला गेलो. खड्ड्याखड्ड्याला माझे सांधे बोलत होते. मंचावर मला उभं केलं, भोंगा आत शिरला, दार लागलं. लोक आधी खूप हसले. कपाट गातंय म्हटल्यावर कोण हसणार नाही? मग ताल सुरू झाला आणि माझ्या पोटातून आवाज आला.

कसा आहेस? मजेत आहे! चेहरा केला इस्त्रीचा,
आत गोळा चुरगळलेला, धाक मनात रात्रीचा.
बाटलीला सांगत होतो, ती कधी बोलली नाही,
आईला मी सांगितलं नाही, ती कधी झोपली नाही.

हसणं थांबलं. पहिल्या रांगेत इस्त्रीवाली पिशवी पोटाशी धरून बसली होती.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण भोंगा काही बाहेर येईना. हातगाडीच्या हिसक्यांनी माझी चौकट तिरकी झाली होती आणि दार गच्च बसलं होतं. न्हाव्याने फटीत कात्री घातली, तर कात्रीच वाकली. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग आहे. ते आणखी टाळ्या वाजवू लागले.

आत अंधार होता. भोंगा धापा टाकत होता. मग अगदी हळू, तालाशिवाय, तो म्हणाला, "आई, मला बाहेर येता येत नाहीये."

एवढं बोलायला त्याला किती वर्षं लागली, ते मला ठाऊक होतं.

पिशवी टाकून ती मंचावर आली. माझी कडी तिने दोन्ही हातांनी धरली. "तू आतून ढकल बाळा, मी बाहेरून ओढते."

मी कुणाच्या बाजूने जोर लावणार? दोन्हींकडून लावला. कडाडकन बिजागऱ्या निखळल्या. माझ्या दोन दारांतलं एक कडेला कोसळलं, इस्त्रीवाली कडी हातात घेऊन मागे धपकन बसली, आणि तिच्या पुढ्यात लेक पडला, डोक्यावर स्वेटर घेऊन. दोघं तशीच बसून हसत होती आणि रडतही होती.

गाणं त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी उघड्यावर, तिच्याकडे बघत, घोट न घेता.

पुढे एकदा त्याचा पाय घसरलाही. पण त्या दिवशी तो स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि 'मी प्यायलो' म्हणाला. औषध चालू आहे, बोलणं चालू आहे, गाणीही चालू आहेत.

मला त्यांनी केंद्रालाच देऊन टाकलं. आता मला एकच दार आहे. दुसरं बसवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दुरुस्तीला आलेल्या सुताराला बजावलंय. माणसं माझ्यात बसून मनातलं तालात म्हणतात. एक पोस्टमन 'पत्ता'शी 'पत्ता'च जुळवतो, पण म्हणतो मनापासून.

एक विनंती आहे, मित्रांनो. आत बसताना चपला बाहेर काढा आणि अधूनमधून मला तेलपाणी करा. घरात कुणी फार दिवस गप्प असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. आणि आत तुम्हीच अडकला असाल, तर हाक मारा. हाक बारीक असली तरी चालते. मी लाकूड असून मला ती ऐकू आली. बाहेर तर माणसं आहेत.