निंगव्वाची लेकरं

सोयाबीनच्या पानाला चिकटून मेलेली पहिली अळी दिसली, तेव्हा दाक्षायणी बांधावर एकटीच मोठ्यानं हसली. अळी खडूच्या तुकड्यासारखी कडक झाली होती, अंगावर पांढरी बुरशी चढली होती. महिनाभर गाव तिला हसत होतं. तालुक्याच्या प्रशिक्षणातून तिनं अळ्या मारणाऱ्या बुरशीची बाटली आणली, तांदळाची कणी कुकरात शिजवून पिशव्यांत भरली, त्यावर बुरशी वाढवली आणि ती पाण्यात कालवून पिकावर फवारली. ‘बाई सोयाबीनला पेज पाजतीय,’ असं लोक म्हणायचे. आता बघा म्हणावं.

तिनं ती अळी काडेपेटीत घातली आणि अर्ध्या गावाला दाखवली. मग घरी येऊन थेट मागच्या रेशीमशेडात शिरली. थोरली जाऊ निंगव्वा तिथं तुतीचा पाला टाकत होती. आठवडाभरात कोष धरतील एवढ्या अळ्या वाढल्या होत्या; त्यांच्या खाण्याचा करकर आवाज दारापर्यंत यायचा.

“अक्का, बघ की! माजी बुरशी लागली.”

निंगव्वानं काडेपेटीत डोकावून तोंड वाकडं केलं. “बाहेर ने ती घाण. लेकरं जेवायलीत.”

त्या घरात रेशमाच्या अळीला कुणी अळी म्हणत नसे. निंगव्वा लेकरं म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे. दाक्षायणीनं काडेपेटी कमरेला खोचली आणि रोजच्यासारखी पाल्याची पाटी उचलून जावेला हातभार लावला.

पुढचे चार दिवस आभाळ उघडलं नाही. अक्कलकोटच्या खाली, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत झिमझिम लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी निंगव्वा पायरीवर डोकं धरून बसली.

“लेकरं तोंड लावीनात गं. कालचा पाला तसाच पडलाय.”

दुपारपर्यंत कारण सापडलं. शेजारची म्हातारी मायाक्का सोमवारी शेडाच्या दारात उभी राहून ‘किती गुबगुबीत झाल्यात!’ म्हणाली होती. दृष्ट लागली, दुसरं काय? निंगव्वाचा नवरा सिद्धलिंग तडक तिच्या दारात गेला.

दाक्षायणी तेवढ्यात शेडात शिरली. आतला आवाज बंद होता. अळ्या सुस्त पडल्या होत्या, काहींच्या अंगावर तेलकट डाग होते. खालच्या थराला, कोपऱ्यात एक मेलेली होती. तिनं बोट लावलं. कडक. मानेपाशी पांढरं फुटू लागलं होतं. काडेपेटीतल्या अळीसारखंच.

घरात येऊन तिनं प्रशिक्षणाच्या महेश्वरी मॅडमना फोन लावला.

“मॅडम, आपली बुरशी रेशमाच्या अळीला...”

“तुमच्याकडे रेशीम आहे? दाक्षायणीताई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहीत लिहून घ्यायला लावलं होतं.”

वही फळीवरच होती. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: रेशीमशेडाजवळ वापरू नये. लिहिताना तिला घरामागचं शेड आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. पण फवारायचं तर शेतात, असं म्हणून तिनं पान उलटलं होतं. पिशव्या मात्र स्वयंपाकघरात होत्या, शेडापासून वीस पावलांवर.

“मेलेल्या पांढऱ्या पडायच्या आत वेचा आणि जाळा,” मॅडम सांगत होत्या. “चुना मारा. आणि तुम्ही आत पाऊल टाकू नका. तुमच्या कपड्यांत, केसांत, सगळीकडे ती असणार.”

बाहेर सिद्धलिंगचा आवाज चढला होता. “उद्यापासनं आमच्या बोअरवर पाय ठिवायचा न्हाय!” मायाक्का रिकामी घागर उचलून आत वळली.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. दृष्टीवर सगळ्यांचा विश्वास बसलाच होता. दाक्षायणी उंबऱ्यात उभी राहिली. म्हातारीनं दार लावून घेतल्याचा आवाज आला, आणि मग तिला राहवलं नाही.

“भावजी, तिला बोलू नका. माज्यामुळं झालंय.”

तिनं सगळं सांगितलं. निंगव्वानं विचारलं, “त्या काडेपेटीतनं आलं?”

“काडेपेटीतनं, माज्या हातातनं, का पिशव्यांतनं, आता कसं कळणार अक्का?”

“तुला म्हाईत हुतं?”

“लिवलेलं हुतं.”

निंगव्वा उठली, शेडात गेली आणि तिनं आतून कडी घातली. दोन दिवस ती पाट्या भरभरून बाहेर ठेवत होती आणि सिद्धलिंग त्या जाळत होता. सगळ्या शेडातून जेमतेम दोन रॅक कोषाला लागले. घरातल्या पिशव्याही त्याच जाळात गेल्या. निंगव्वा स्वतः घागर भरून मायाक्काच्या दारात गेली, तेव्हा म्हातारी आतूनच म्हणाली, “ठिव तितंच.” ती पुन्हा बोअरवर आली नाही. दाक्षायणीशी निंगव्वा कामापुरतं बोलायची, पण पूर्वीसारखी दाक्षा म्हणून हाक मारायची नाही.

दाक्षायणीनं बुरशीच्या आठ पिशव्या बाहेरही दिल्या होत्या, सात गावातच, ती अळी बघून मागितलेल्यांना. त्या सातही घरी ती हिंडली आणि न वापरलेल्या पिशव्या परत घेऊन आली. ज्यांनी फवारलं होतं त्यांच्या आसपास तुती नव्हती. आठवी पिशवी त्याआधी सोलापूरच्या शेतीप्रदर्शनात वैरागकडच्या एका माणसानं नेली होती. नाव तिनं विचारलं नव्हतं. पण बोलणं शब्दान् शब्द आठवत होतं. शेत कुठं म्हणून विचारलं, तर तो हसून म्हणाला होता, “माज्या भैणीच्या तुतीला लागूनच की.”

आणि ती म्हणाली होती, “मारा बिनधास्त. विषारी न्हाय.”

पिशवीवर तिचा नंबर होता. फोन वाजला की ती हातातलं टाकून धावते. त्याचा फोन अजून आलेला नाही.