साइमीचा बेडूक

दोन तळ्यांमधली जंगलातली वाट संपली तशी आर्मसने पाठीवरची पिशवी खडकावर टाकली. मागून त्याचा मेव्हणा विल्हो डोक्यावर उलटी होडी घेऊन आला आणि त्याने ती दुसऱ्या तळ्यात सोडली. दरवर्षी ही होडी आर्मस आणायचा आणि मागून त्याची बायको साइमी भांडी खडखडवत यायची. ती हिवाळ्यात गेली.

"दाजी, पुढे बसा," विल्हो म्हणाला. "वल्हवायचं काम मागच्याचं. तुमचं तोंड तर उकडलेल्या बटाट्यासारखं झालंय."

आर्मस पुढे बसला. पुढची जागा साइमीची. ती तिथून गळ टाकायची आणि तो मागून होडी सांभाळायचा. आता त्याने गळाची काठी घेतली आणि दोरीला तिचा लाकडी बेडूक बांधला. तो तिनेच कोरला होता, पोटाखाली गळ लावून. डोळे नखांच्या लाल रंगाने रंगवले होते. दोरीला हलके झटके दिले की तो पाण्यावर मान डोलावत चालायचा आणि खालून मासा झडप घालायचा. साइमीचं बाकी सगळं लेकीने आवरून नेलं होतं. हा बेडूक तेवढा त्याने मागून घेतला होता. यावर एक बास मासा धरायचा आणि बेडूक नीट घरी न्यायचा, एवढ्यासाठीच तो आला होता.

"दोरी आणि बेडकाच्या मध्ये तार लावा," विल्हो म्हणाला. "इथे पाईक मासे आहेत. त्यांच्या दातांपुढे दोरी टिकायची नाही."

"तारेच्या वजनाने बेडकाचं नाक बुडतं. मग तो चालत नाही. तुझ्या ताईने कधी लावली नाही."

"ताई त्या पलीकडच्या खडकांपाशी टाकायची, बाससाठी. असल्या गवतात नाही."

खडक तळ्याच्या पार त्या टोकाला होते. आर्मसचे खांदे भरून आले होते. "इथेच टाकतो," तो म्हणाला.

बेडूक कमळाच्या पानांशी पडला. चार झटक्यांत पाणी उसळलं आणि आर्मसने जोरात ओढलं. बेडूक रिकामाच उडून त्याच्या टोपीला लागला.

"अहो, त्याला तोंडात तरी घेऊ द्या!" विल्हो हसला.

साइमीही हेच म्हणायची. पाणी उसळलं की आर्मस मागून "ओढ, ओढ" करायचा आणि ती म्हणायची, "वजन लागू दे. तू वल्हव."

पुढच्या वेळी तो थांबला. वजन लागलं, काठी वाकली. हिरवी लांब पाठ एकदा पाण्याबाहेर दिसली. मग काठी सरळ झाली आणि दोरीचं कापलेलं टोक हातात आलं.

विल्होने वल्हं पाण्यात घालून होडी जागच्या जागी धरली. म्हणाला, "पाईक डोकं झटकतो कधीकधी. तोंडातलं टाकून देतो. लाकूड आहे, वर येईल."

ते थांबले. वारा होडीला ढकलत होता आणि विल्हो तिला पुन्हा जागेवर आणत होता. आर्मस पाण्याकडे बघत बसला. डोळे चुरचुरायला लागले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं.

"दाजी, हात गेले माझे."

"ठाऊक आहे. जन्मभर तेच केलंय मी."

"ताई तरी बसू द्यायची का तुम्हाला?"

"कधीच नाही," आर्मस म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला थोडं हसू आलं.

पानांच्या कडेला काहीतरी पांढरं दिसत होतं. बेडूक पोट वर करून तरंगत होता. विल्होने होडी अलगद नेली. आर्मसने त्याला उचललं, बाहीला पुसलं. पाठीवर दात उमटले होते, एक डोळा खरवडून गेला होता.

विल्होने खिशातून तार काढून पुढे केली.

"ठेव ती," आर्मस म्हणाला. "काठाला घे. जागा बदलू."

"तुम्ही दमलाय."

"दमलोय खरा. पण पुढे बसून मला काही जमत नाही. तू टाक. मी खडकांकडे नेतो."

"बिनतारेचाच? आणि गेला म्हणजे?"

काठ आला. आर्मस गुडघ्यावर हात देऊन कसाबसा उतरला, मागे जाऊन बसला आणि त्याने वल्हं घेतलं.

"गेला तर थांबू परत," तो म्हणाला. "होडी मी धरतो."