अंगठेबहाद्दर

नझीरला पासपोर्ट मिळाला तो हमदुल्ला मास्तरांमुळे. होड्या बांधणाऱ्या या तरुण सुताराला आखातात कामाला जायचं होतं. पण मुंबईतल्या पासपोर्ट कचेरीच्या साहेबाने त्याला पहिल्याच खेपेला परत पाठवलं होतं. अडाणी माणसं परदेशी गेली की नव्या स्वतंत्र देशाची नाचक्की होते, असं साहेबाचं म्हणणं. कुराण वाचता येतं, असं नझीर म्हणाला, तर साहेब हसला. त्याला इंग्रजी हवं होतं.

मग पावसाळाभर मास्तरांनी आगरदांड्याला आपल्या पडवीत त्याला इंग्रजी शिकवलं. रंधा धरणाऱ्या हाताला टाक धरायला शिकवणं पोरांना शिकवण्यापेक्षा अवघड. पण मास्तर एकदाही रागावले नाहीत. पाऊस सरल्यावर नझीरने साहेबापुढे घडाघडा वाचलं, झोकात सही केली. त्या दिवशी मास्तरांनी शाळेतल्या पोरांना खजूर वाटले.

राहिला मुकादम. आखातातल्या कंपनीसाठी तो डोंगरीत बसून माणसं निवडायचा. त्याने करारनामा पुढे सारला आणि नझीर वाचू लागला. कामगाराचा पासपोर्ट कंपनी ठेवून घेईल, असं त्यात होतं. मग मला परत यायचं झालं तर, असं त्याने विचारलं. मुकादमाने कागद ओढून घेतला.

"वाचणारे आम्हाला नकोत. काम टाकून भांडत बसतात."

नझीरने फार गयावया केली, तेव्हा कुठे मुकादम नरमला. सोमवारी ये, अंगठा उठव, तोंड उघडू नको, म्हणाला.

धक्क्यावर नझीरने हे मास्तरांना सांगितलं. ते खाडीत थुंकले.

"इथला अडाणी म्हणून अडवतो, तिथला शहाणा म्हणून. नासलेत मेले दोघेही. जाऊ नकोस."

"घरी बसून काय खाऊ, मास्तर? लाकूड यायचं थांबलंय. तुम्ही एवढंच सांगा, अंगठा कसा लावतात?"

आळशी पोरांना मास्तर आयुष्यभर एकच शिवी देत आले होते, अंगठेबहाद्दर.

"डावा," शेवटी ते म्हणाले. "टाक दिसला तरी हात पुढे नेऊ नकोस. कागद हातात दिला तर उलटा धर."

त्यांनी आपल्याजवळचं इंग्रजी वर्तमानपत्र त्याला दिलं. नझीरने ते उलटं धरलं.

"डोळे," मास्तर म्हणाले. "ओळीवरून फिरतायत. थांबव ते."