उंबऱ्याचं पायस

कृष्णवेणीचा सेतू सातव्याच महिन्यात जन्मला. सासूनं, अंबाबाईनं, त्याला कापसात गुंडाळून, बोंडल्यानं थेंब थेंब दूध पाजून जगवलं. पण जगलं म्हणजे वाढलं असं थोडंच असतं! दीड वर्षाचा झाला तरी पोर धड बसेना, आणि समोरच्या जयलक्ष्मीचा त्याच्याच वयाचा मुलगा गल्लीभर वासरामागे धावत होता.

कुंभकोणमच्या त्या गल्लीत रीतच होती, मुलानं रांगत उंबरा ओलांडला की घरोघर पायस, गोड खीर, वाटायची. पायस आलं नाही की बाया विचारायला मोकळ्या. "अजून नाही?" एवढंच विचारायच्या, पण कृष्णवेणीच्या अंगाची लाही लाही व्हायची.

शेवटी एका सकाळी, सासू देवळात गेली असताना, तिनं पोराला उचलून उंबऱ्यापलीकडे पालथं ठेवलं. अंबाबाई परत येताना दिसताच कृष्णवेणी ओरडली, "आत्याबाई, आला बघा! आपला आपण आला!" अंबाबाई क्षणभर थबकली, मग डोळ्यांना पदर लावून चुलीकडे गेली. त्या दिवशी कृष्णवेणी सुखानं जेवली.

पुढच्याच आठवड्यात मद्रासहून मुलांचे डॉक्टर गावच्या दवाखान्यात आले, तेव्हा सासू-सून सेतूला घेऊन गेल्या. दरवर्षी न रांगणाऱ्या एखाद्या मुलाला आईसकट मद्रासला नेऊन ते महिनोनमहिने व्यायाम करवत. यंदा जागा एकच होती. झोपलेल्या सेतूचे पाय चाचपत त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "रांगतो का?"

"उंबरा ओलांडला की!" अंबाबाई म्हणाली. "अवघी गल्ली पायस जेवली."

"मग काळजी नको. लवकर जन्मलेला आहे, सावकाश वाढेल." डॉक्टर पुढच्या मुलीकडे वळले.

कृष्णवेणीच्या पायाखालची जमीन सरकली. खरं सांगावं तर या सगळ्या बायांसमोर शोभा होणार. ती पदराचं टोक पिळत उभी राहिली. डॉक्टरांनी त्या मुलीच्या आईला होकार दिला, तेव्हा कुठे ती किंचाळली, "खोटं आहे! मीच ठेवलं त्याला!"

"जागा दिली, बाई. पुढच्या वर्षी आणा."

वाटेत अंबाबाई एवढंच म्हणाली, "मला तेव्हांच कळलें होतें गे. त्याच्या गुडघ्यांस धूळ नव्हती. तरी तुझी लाज राखायास पायस केलें मी, आणि आज तेंच खोटें सांगितलें." कृष्णवेणी रस्त्यातच रडू लागली.

घरी येताच अंबाबाईनं सेतूला उंबऱ्याअलीकडे पालथं ठेवलं आणि पलीकडे हात पसरून बसली. "ये रे राजा, ये."

त्यानं गाल जमिनीला टेकला आणि तो तसाच पडून राहिला.