लाल खोक्यावर हिरव्यांचं नाव

मी लाल कंपनीची ग्राफिक्स कार्डं विकायचो आणि समोरच्या दुकानात भाऊजी हिरव्या कंपनीची. कॉम्प्युटरवर चित्र कोणाच्या कार्डाचं जास्त झकास दिसतं, यावरून आमची एकदा जी जुंपली, त्यानंतर अकरा वर्षं बोलणं बंद. निरोप द्यायचा असला की बिचारी ताई रस्ता ओलांडायची.

मग हिरव्या कंपनीनं लाल कंपनी विकत घेतली. भाऊजी दुकानाबाहेर खुर्ची टाकून पाय पसरून बसू लागले. माझा नुसता जळफळाट.

महिन्याभरात दोन्ही दुकानांत नवी खोकी आली. आमच्या कंपनीचं नाव गायब, त्या जागी हिरव्यांचं. पण खोकं मात्र लालभडक! गिऱ्हाईक रंगावरूनच कार्ड ओळखतं म्हणून तो ठेवला, असं कंपनीचा माणूस सांगून गेला. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. खुर्ची आत गेली.

खोक्यांबरोबर फॉर्म होता. यापुढे एका रस्त्यावर एकच दुकान, अर्ज शुक्रवारपर्यंत. म्हणजे आमच्यापैकी एकाचं शटर कायमचं खाली. दुकान माझा जीव की प्राण, पण नाक आडवं आलं. 'असला नाव बदललेला माल मला नको, समोरच्यालाच द्या,' असं लिहून मी कागद ताईकडे दिला, पोस्टात टाकायला.

शुक्रवारी सकाळी माझं डोकं ठिकाणावर आलं. नाक मुठीत धरून मी ताईच्या घरी गेलो. तिथे भाऊजी आधीच तिची मनधरणी करत होते. त्यांनाही त्यांचा कागद परत हवा होता.

"तू लिहिलंस यांना द्या, हे लिहितात तुला द्या. म्हणे लाल खोकं दुकानात नको," ताई म्हणाली. "मी दोन्ही टाकलेच नाहीत. तिसरा अर्ज पाठवलाय, माझ्या नावाचा."

पंधरा दिवसांत ताईच्या नावाची पाटी आली. भाऊजींच्या दुकानात विक्री, माझ्या दुकानात दुरुस्ती, असं तिनंच ठरवून टाकलं. पाटी लावायला आम्ही दोघं दोन शिड्यांवर चढलो. ती तिरकी होती. मी ताईला म्हटलं, त्यांना सांग, जरा वर घ्या.

ताई भाऊजींच्याच खुर्चीत पाय पसरून बसली होती.

"मालकीण निरोप पोचवत नसते," ती म्हणाली. "तूच सांग."

मी घसा खाकरला. "भाऊजी, जरा वर घ्या."

त्यांनी घेतली.